ताई, अर्ध्या शेअरसाठी थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं सोड गं" म्हणता आणि लगेच पोरं काय करतायत यावर येता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आता विषय बदलता येणार नाही. इथले मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्ट-नॉर्थॅम्प्टनकडचे आपले बरेच जण वाचतील, त्यातले निम्मे तर तुमच्या हातचं जेवून गेलेत.

आम्ही नवीन आलो होतो, फेब्रुवारी, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि तुम्ही म्हणालात शेताचे पैसे भरायचेत, अर्धा शेअर घेतेस का. मला वाटलं प्लॉटिंग-बिटिंग आहे की काय. मग तुम्ही नीट सांगितलंत, सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर) म्हणजे काय ते, की शेअर म्हणजे शेताच्या मालातला आपला वाटा, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला भाजी मिळणार पण पैसे आत्ता द्यायचे, कारण बियाणं, ग्रीनहाऊस गरम ठेवायचा खर्च, मजुरी हे सगळं शेतकऱ्याला आत्ता लागतं आणि आत्ता त्याच्याकडे विकायला काहीच नसतं, आपण नाही दिले तर तो बँकेत जाणार. मी जुन्नरकडची, माझा मामा टोमॅटो करतो. रोपं, मल्चिंग पेपर, बांबू, तार, औषधं सगळं उधारीवर, आणि माल निघाला की नारायणगावच्या मार्केटला कॅरेटला काय मिळेल ते मिळेल. त्यामुळे ते 'आत्ता लागतं' मला बरोबर कळलं, बाकी तुमचं ऑरगॅनिक वगैरे नंतर.

आणि हो, आमचा पगार सुरू व्हायचा होता तर आमच्या वाटणीचे पैसेही तुम्हीच भरलेत. "सावकाश दे." त्यातले थोडे तुम्ही मुद्दाम विसरलात हे मला माहितीये ताई, उगाच नाही म्हणू नका.

पिकअपला, म्हणजे शेतावरनं आपली भाजी आणायला, पहिल्यांदा तुमच्यासोबत आले ते एकदम डोळ्यासमोर आहे. मोठा लाकडी बार्न, फळ्यावर खडूनं लिहिलेलं, कुठली भाजी किती घ्यायची, आपणच वजन करायचं, आपणच पिशवीत भरायचं, वर लक्ष ठेवायला कोणी नाही. कोपऱ्यात स्वॅप बॉक्स, नको ते ठेवा, हवं ते घ्या. लोक बीट उचलत होते आणि पाला मुरगळून कंपोस्टच्या बादलीत टाकत होते, आणि तुम्ही त्या बादलीपाशी उभं राहून अगदी गोड हसत प्रत्येकाला विचारत होतात, आर यू टेकिंग दॅट? दहा मिनिटांत तुमची पिशवी पाल्यानं भरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं खरं सांगायचं तर. पण घरी आल्यावर त्याच पाल्याची लसूण आणि सुकी मिरची घालून भाजी केलीत, नवलकोलाचा पालाही त्यातच, आणि मी भाकरी नाही म्हणून ब्रेडशी खाल्ली.

त्या लसणाच्या दांड्यांचं तर काय सांगू. जूनमध्ये येतात, हिरव्या, गोल गोल वळलेल्या, शेतकरी त्या खुडून टाकतात म्हणजे खाली गड्डा चांगला पोसतो. अमेरिकन बाया त्याचं पेस्टो करतात. तुम्ही लोखंडी तव्यावर तेलात त्या दांड्या, हिरवी मिरची, शेंगदाणे परतलेत, मीठ टाकलंत, आणि तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडलंत. असा ठेचा मी आमच्या गावातही खाल्ला नव्हता. केल पीठ पेरून, बटरनट भोपळ्याचे घारगे, चार्डची, म्हणजे त्या पालकासारख्या पालेभाजीची, डाळ-दाणे घालून पातळभाजी, हे सगळं तुमचंच. नवलकोल मात्र मला अजूनही आवडत नाही, दर आठवड्याला किती तो नवलकोल, ते तेवढं राहू द्या.

तुम्ही अभिमानानं सांगायचात की हे सगळं आपल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालं, साउथ एग्रेमाँटच्या इंडियन लाइन फार्मवर, रॉबिन व्हॅन एन बाईंनी आधी सफरचंदांचे शेअर विकले, मग 1986 ला भाजीचे, आणि त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरला टेंपल-विल्टनचं शेतही सुरू झालं. मी नंतर थोडं वाचलं तर जपानमध्ये त्याच्या आधीपासून तेइकेई म्हणून असंच चालायचं, आणि अलाबामात टस्कीगीचे प्रोफेसर बुकर टी. व्हॉटली काळ्या शेतकऱ्यांना सांगायचे की गिऱ्हाइकांचा क्लब करा, आधी मेंबरशिपचे पैसे घ्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं, म्हणून इथं घेतलं.

पण खरा थँक्यू 2023 चा आहे. काय वर्ष होतं ते! फेब्रुवारीच्या थंडीत पीचच्या कळ्या गेल्या, 18 मेच्या रात्री दव गोठून सफरचंदं गेली, आणि 10 जुलैच्या पावसानंतर कनेक्टिकट नदी शेतात आली. आपल्या शेताचा खालचा पट्टा सगळा पाण्यात. पाणी उतरल्यावर भाजी दिसायला ठीकच होती पण पुराचं पाणी लागलेला माल विकायचा नाही असा नियम आहे, काय काय वाहून आलेलं असतं त्यात, त्यामुळे हातातोंडाशी आलेलं सगळं फेकलं. आपल्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं रिफंड मिळेल का, आणि तुम्ही लिहिलंत, "सही करताना वाचलं नव्हतं का, पीक गेलं तर आपलंपण गेलं." बस, एवढंच. शनिवारी आम्हाला सगळ्यांना गाडीत कोंबून शेतावर नेलंत, चिखलातनं प्लॅस्टिक आणि ड्रिपच्या नळ्या ओढून काढायला. माझे बूट त्या चिखलातच राहिले, असो.

गंमत म्हणजे त्याच जुलैत नारायणगावला टोमॅटोचं कॅरेट दोन हजाराच्या वर गेलं होतं आणि मामाचा फोन, नुसता उड्या मारत होता. मी त्याला आपल्या शेताचं सांगितलं, भाव फेब्रुवारीतच ठरतो, पूर आला तरी पैसे शेतकऱ्याकडेच. तो म्हणाला चांगलंय, पण बाजार वाढला तर? मी म्हटलं नाही मिळत जास्तीचे. तर म्हणाला, मग आपल्याला नाही जमणार, असा एखादा जुलै येतो त्याच्यावरच तर आम्ही तग धरतो. सप्टेंबरात भाव असे पडले की लोक माल रस्त्यावर ओतायला लागले, तेव्हा मात्र त्यानं स्वतःहून विचारलं, तुमच्या त्या शेताचं काय झालं गं? मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे, तुमचंही आणि मामाचंही. पण रात्री शांत झोप कुणाला लागत असेल हे मला माहितीये.

अजून एक, ते कुटुंब ज्यांना तुम्ही स्नॅपचं कार्ड (कमी कमाईवाल्यांना सरकार खाण्यापिण्यासाठी देतं ते) आणि राज्याची ती एचआयपी स्कीम समजावून दिलीत, शेतकऱ्याकडून भाजी घेतली की पैसे कार्डावर परत येतात ती, ते यंदाही मेंबर आहेत. त्यांनीही नमस्कार सांगितलाय.

तुम्ही लेकीकडे टेक्सासला गेलात तेव्हा वाटलं आता बंदच करावं, अख्खा शेअर आम्हाला संपत नाही. मग नागपूरचं एक नवीन जोडपं आलंय युनिव्हर्सिटीत, त्यांना अर्धा दिला. त्यांचे पैसे आम्ही भरलेत, सावकाश देतील.

त्या मुलीला परवा चार्डची पातळभाजी करून घालायचीये, तर तुम्ही त्यात आंबट काय घालायचात, चिंच, की शेतावरचं सॉरेल चुक्यासारखं चिरून? आठवून व्हॉट्सअ‍ॅप करा, शुक्रवारी पिकअप आहे त्याच्या आधी.

तुमचीच,
अर्ध्या शेअरवाली