बाबा, ती तारीख बारा मार्च नाही

एडिसन, न्यू जर्सी
१ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण घर गरम असतं.

बाबा, माझ्या नोकरीच्या एच-१बी व्हिसाच्या मंजुरीच्या कागदाच्या फोटोवर तुम्ही १२/०३/२०२६ वाचलंत आणि मार्चमध्ये मला हाकलणार म्हणून आईची झोप उडाली. इथे आधी महिना लिहितात, मग दिवस. दुधाच्या कॅनवर, चेकवर, औषधाच्या बाटलीवर, सगळीकडे तसंच. १३ पासून पुढचे दिवस लगेच कळतात, कारण तेरावा महिना नसतो. घोळ बारापर्यंतच्या तारखांचा. ती ३ डिसेंबर आहे. पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, पण तो देशात शिरण्यापुरता. राहण्याची मुदत त्याच कागदाच्या तळाशी छापलेल्या आय-९४ वर, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीवर असते.

मुदतवाढीचा अर्ज कंपनी भरते, सहा महिने आधीपासून, म्हणजे जूनमध्ये. तो मुदतीत पोचला की निकाल लागेपर्यंत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. जादा फी भरली तर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळतं. टीव्हीवरची ती नव्या एच-१बी अर्जांवरची लाख डॉलरची फी इथे राहून मुदत वाढवणाऱ्यांना नाही. नोकरी गेलीच तर ६० दिवस मिळतात, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्यात नव्या कंपनीचा अर्ज जायला हवा.

लोक फसतात ते पासपोर्टपायी. तो आधी संपत असला तर विमानतळावर आय-९४ अनेकदा त्याच तारखेपर्यंत देतात आणि कुणी बघत नाही. मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं की तीन वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर दहा. म्हणून दर वेळी आत आल्यावर सरकारी साइटवरून आय-९४ काढून तारीख बघायची. मी बघतो.

आई, बातमीतल्या नेपाळ्यांचं वेगळं आहे. २०१५ च्या भूकंपानंतर मिळालेलं त्यांचं इथे तात्पुरतं राहण्याचं संरक्षण संपवत असल्याचं सरकारने गेल्या जूनमध्ये जाहीर केलं, कोर्टात वाद चालू आहे. दहा वर्षं इथे संसार केलेल्यांना असं उठवणं मला अन्यायच वाटतो.

ताईच्या लग्नाला मला येता येणार नाही. परतायला नवा व्हिसा लागेल, आणि डिसेंबरात आपल्याकडच्या कितीतरी मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या. अडकलो तर नोकरीवर येईल. अधिक महिन्याआधी उरकताय तेच बरं, माझ्यासाठी थांबू नका. हॉलचे आणि आचाऱ्याचे पैसे या आठवड्यात पाठवतो. कानपिळीला दादाला उभं करा. जावयाचा कान जोरात पिळ म्हणावं, आणि मिळेल ते कापड त्यानेच ठेवावं.

तुमचा,
बाळू