बाई, पट्टी बदलून दिल्याबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

गाणं शिकवल्याबद्दल आभार तर सगळेच मानतात. आम्ही, क्लासचे विद्यार्थी आणि पालक, हे पत्र लिहितोय ते तुम्ही ज्याच्या-त्याच्या वयाप्रमाणे पट्टी, म्हणजे गाताना सा ज्या उंचीवर धरायचा ती, आणि रियाज बदलून दिलात म्हणून.

लहानग्यांना भूप, दुर्गा हे राग, अलंकार (स्वरांचे पलटे) आणि हातावर त्रिताल; तेवढं पुरतं.

खरी पंचाईत तेरा-चौदाव्या वर्षी होते. मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) खणखणीत गाणारा मुलगा तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, चिरकायला लागतो. मग एक तर त्याला जुन्याच पट्टीत ताणून गायला लावतात आणि घसा धरतो, नाहीतर 'आवाज गेला' म्हणून क्लासच सुटतो. तुम्ही पट्टी हळूहळू उतरवलीत. सा ते प एवढ्यातच गायचं, तेही दहा मिनिटं. आवाज फाटला की थांबायचं. मध्यमा पूर्णची परीक्षा पुढे ढकलली, तेव्हा आम्ही पालकच कुरकुरलो होतो. त्या काळात मुलं तानपुरा जुळवायला शिकली: पहिली तार पंचमाला, मालकंसात मध्यमाला, आणि जवारीचा (तारेखाली घोडीवर ठेवलेला) दोरा केसभर सरकवून झंकार कसा उघडायचा. आवाज काळी एकला स्थिरावला, तोवर कान तयार झाला होता. खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज त्यानंतर. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो, त्यात हवा मिसळते. हे फारसं कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत.

नोकरी-संसारवाल्यांकडून रोज वीसच मिनिटं मागितलीत, पण राग एकच. विशारद झालेल्यांनाही पुन्हा यमनच्या विलंबित (संथ) एकतालात बसवलंत. तानांची हौस होती, पण तालाचं आवर्तन भरायचं कसं ते येत नव्हतं.

रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज जड होतो, पुढे दमही कमी पडतो. म्हणून साठीच्या पुढच्यांना काळी पाचवरून काळी तीन, मध्यलय, आणि लांब तानेचे दोन तुकडे. पट्टी उतरवायला संकोचणाऱ्यांना तुम्ही शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल ऐकवल्यात. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर भारदस्त झालेल्या आवाजातच त्या पुढे गायल्या.

तक्रार एकच. फी तुम्ही वाढवत नाही. येत्या गुरुपौर्णिमेपासून ती आम्हीच वाढवतोय. नाही म्हणू नका.

आपले,
क्लासचे विद्यार्थी व पालक