पेट्या, शाई आणि अर्धी हजेरी

महोदय,

लोकसभेचं आमचं मतदान ७ मे २०२४ ला झालं, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात. सकाळी मत देऊन आलो नि पडवीत पेट्या भरायला बसलो. माझ्या बोटाला शाई, शेजारी पेंढा अंथरणाऱ्या नेपाळी गड्याचं बोट कोरं. आमच्या वाडीतले निम्मे पोरगे कांदिवलीचे मतदार, त्यांची पाळी २० मेची.

निकालात आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातून भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. सिंधुदुर्गातल्या कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत त्यांना आघाडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण, रत्नागिरी, राजापुरात त्यांच्या विरोधातल्या विनायक राऊतांना. झालं! तेव्हापासून 'तुमचा सिंधुदुर्ग, आमची रत्नागिरी' सुरू. माझी बहीण कुडाळला दिलेली. गणपतीत भावोजी आले ते जेवले, पान खाल्लं, पण राजकारणाचं अक्षर नाही. एरवी माणूस रात्रभर बोलणारा.

चॅनेलवाल्यांना हीच जिल्ह्यांची भांडणं दिसतात. माझ्या खळ्यातली फूट कोणी विचारली नाही. आंबे निवडायला येणारी एक बाई त्या दिवशी दुपारी मतदानाला गेली, रांगेत दोन तास मोडले. संध्याकाळी मी तिची अर्धीच हजेरी मांडली. मतदानाला भरपगारी सुट्टी द्यायची असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यांनाही. मला तो ठाऊक होता. माल गाडीत चढवायची घाई होती, एवढंच.

राहिलेले पैसे तिला दिवाळीत दिले. तिने मोजले नि विचारलं, "हे कसले?"

– एक लहान बागायतदार, पावस, जि. रत्नागिरी