जुन्या घरमालकांच्या खात्यात गेलेले ट्रान्झिट भाडे आणि माझ्याकडून लावलेली वसुली : तक्रार

दिनांक : २८ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, सभासद भाडे विभाग,
(आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे विकासक)

महोदय,

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आपल्या कंपनीकडे आहे आणि जुन्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेची मी सभासद आहे. नवीन इमारत होईपर्यंत आपण द्यायच्या ट्रान्झिट भाड्यापोटी जुलैमध्ये माझ्या खात्यात ३५,२०० रुपये यायला हवे होते, आले १५,६८०. चौकशी केली तेव्हा आपल्या कार्यालयाने कळवले की मार्च ते जून या चार महिन्यांत मला जादा भाडे दिले गेले आहे आणि आता त्याची वसुली सुरू केली आहे. या चार महिन्यांत मला किंवा माझ्या आताच्या घरमालकांना आपल्याकडून एक रुपयाही मिळालेला नाही. म्हणून ही लेखी तक्रार.

इमारत रिकामी केल्यावर आम्ही जवळच भाड्याने राहायला गेलो. भाडे थेट घरमालकांच्या खात्यात भरण्याची सोय आपणच सुचवली होती, अनामतीचा एक लाखाचा धनादेशही आपण त्यांच्याच नावे काढला. लिव्ह अँड लायसन्सचा करार १ एप्रिल २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५ असा अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला, आणि त्याची प्रत तेव्हापासून आपल्या दप्तरी आहे. घरमालकांना जागा मुलासाठी हवी होती, त्यामुळे करार पुढे वाढला नाही. २० जानेवारीला मी मेलने सगळे कळवले : जागा कधी सुटणार, नवीन जागा कुठली, नवीन मालकांचा खाते क्रमांक काय. सोबत त्यांचा रद्द केलेला धनादेश जोडला. आपल्याकडून पोच आली. २८ फेब्रुवारीला चाव्या दिल्या, विजेच्या मीटरचे रीडिंग घरमालकांनी आणि मी मिळून लिहून घेतले, ताबा पावतीवर सह्या झाल्या. तिची प्रतही लगेच आपल्याला पाठवली.

तरीही मार्चचे भाडे जुन्याच खात्यात गेले. एप्रिल, मे, जूनचेही तिथेच.

माझे कामच हिशेबाचे आहे, त्यामुळे आपण पाठवलेला खातेउतारा मी ओळ न ओळ तपासला. चारही महिन्यांच्या नोंदींत खाते तेच, शेवटचे चार आकडे तेच, रक्कम ३२,००० तीच, आणि तपशिलात माझ्या सदनिकेचा क्रमांक घालून ‘सभासद भाडे अदा’ असे लिहिलेले. आपल्या आणि माझ्या करारानुसार दुसऱ्या वर्षी भाडे दहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे १ एप्रिलपासून ते ३५,२०० व्हायला हवे होते. तेही झालेले नाही. मागच्या महिन्याची नोंद जशीच्या तशी पुढे ओढली जात होती आणि करार कोणी उघडूनही पाहिला नाही, हे या एका आकड्यावरूनच कळते.

जुन्या घरमालकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या उत्तरात ‘तुम्ही त्यांच्याकडून परस्पर वसूल करून घ्या’ असे म्हटले आहे. त्या गृहस्थांनी मार्चमध्येच आपल्याला मेल केला होता की करार संपला आहे, चुकून पैसे आले आहेत, कुठल्या खात्यात परत करू ते लेखी कळवा. मला त्यांनी तो मेल दाखवला आणि त्याची प्रत मी सोबत जोडली आहे. त्यांना आजपर्यंत उत्तर मिळालेले नाही. १,२८,००० रुपये आणि एक लाखाची अनामत त्यांच्याकडे तशीच पडून आहे. ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्या लेखी सूचनेशिवाय ते दुसऱ्या कोणाला देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. आपण पाठवलेले पैसे परत मागण्याचा अधिकार आपला आहे. मी कोणत्या नात्याने मागू?

दरम्यान आमच्याकडे काय चालले होते तेही आपल्याला कळायला हवे. नवीन जागेचे भाडे महिना ३५,००० आहे. पहिल्याच महिन्यात ते थकले तेव्हा मालकांनी सासूबाईंसमोर विचारले, “बिल्डर भरणार म्हणाला होतात ना?” त्यानंतर चारही महिन्यांचे १,४०,००० रुपये मी घरातून भरले. ‘जुनी अनामत परत येईपर्यंत नवीन देता येणार नाही’ असे आपण सांगितल्यामुळे एक लाखाची अनामतही मीच दिली. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलेली मुदत ठेव त्यासाठी मोडावी लागली. आम्ही आमचे राहते घर आपल्या शब्दावर पाडायला दिले आहे. नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर ठेवण्याची जबाबदारी आपण करारात लिहून दिली आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पुनर्विकास पूर्ण होईपर्यंत पर्यायी जागा किंवा भाडे आणि अनामत देण्याचे काम विकासकाचेच आहे. एका भाड्याच्या घराचा करार संपल्याने ते संपत नाही.

आता जुलैच्या कपातीबद्दल. ३५,२०० मधून १६,००० ‘वसुली’ म्हणून आणि ३,५२० टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर म्हणून कापले आहेत. पुनर्विकासातल्या सभासदाला मिळणारे ट्रान्झिट भाडे हे उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. तो निर्णय क्षणभर बाजूला ठेवला तरी आयकर कायद्याच्या १९४-आय कलमाखाली ज्या भाड्यापर्यंत टीडीएस लागत नाही ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५०,००० रुपये झाली आहे आणि माझे भाडे त्याच्या बरेच आत आहे. जुलैचा टीडीएस भरण्याची मुदत ७ ऑगस्ट आहे. रक्कम अजून भरली नसेल तर ती मला परत करावी. भरली असेल तर ती माझ्या २६-एएस मध्ये, म्हणजे माझ्या नावे भरलेल्या कराच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसली पाहिजे आणि तिचे प्रमाणपत्र मला मिळाले पाहिजे.

तळमजल्यावरच्या आमच्या शेजारी आजींच्या खात्यातूनही याच महिन्यात दहा टक्के कापले गेले. त्यांना वाटले सरकारचा काही नवा कर असेल, म्हणून त्या गप्प बसल्या. खातेउतारा वाचता येणारे आमच्यात थोडे आहेत. सगळ्यांचे भाडेकरार अकरा-अकरा महिन्यांचे आहेत, ते वेगवेगळ्या तारखांना संपणार आणि दर वेळी कोणी ना कोणी घर बदलणार. त्या तारखा आपल्याकडच्या करारांत लिहिलेल्या आहेत. मुदत संपण्याआधी महिनाभर सभासदाला फोन करून ‘तिथेच राहणार की जागा बदलणार, पुढचे भाडे कोणाच्या खात्यात भरायचे’ एवढे विचारले आणि उत्तर येईपर्यंत जुन्या खात्यातला भरणा थांबवला, तर असा घोळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येणार नाही. ही पद्धत ताबडतोब सुरू करावी, ही माझी मागणी स्वतःच्या पैशांइतकीच कळकळीची आहे.

माझे येणे असे : मार्चचे ३२,०००, एप्रिल ते जूनचे १,०५,६०० आणि जुलैचे कमी आलेले १९,५२०, मिळून १,५७,१२० रुपये. शिवाय नवीन जागेची एक लाखाची अनामत. ही रक्कम १२ ऑगस्टपर्यंत माझ्या खात्यात जमा करावी. ऑगस्टचे भाडे पूर्ण ३५,२०० मिळावे आणि माझ्या नावावरची ‘जादा अदा’ ही नोंद रद्द करून दुरुस्त खातेउतारा सहीशिक्क्यासह द्यावा. जुन्या घरमालकांच्या मेलला याच आठवड्यात उत्तर द्यावे, म्हणजे ते आपले पैसे आपल्याला परत करू शकतील. त्या परतीची वाट पाहून माझे पैसे मात्र अडवू नयेत.

१२ ऑगस्टपर्यंत रक्कम न आल्यास विकास करारानुसार आपण सोसायटीला दिलेल्या बँक गॅरंटीतून ती वळती करून घ्यावी, असा अर्ज मी व्यवस्थापन समितीकडे देणार आहे. समितीला त्याची कल्पना दिली आहे.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेची सभासद

सोबत : २० जानेवारीचा मेल आणि त्याची पोच, ताबा पावती, जुन्या घरमालकांच्या मेलची प्रत, नवीन घराच्या कराराचा इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा), नवीन मालकांना भरलेल्या भाड्याच्या आणि अनामतीच्या बँक नोंदी, खुणा केलेला आपला खातेउतारा.

प्रत : सचिव, व्यवस्थापन समिती, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार.