बोर्ड मेलेला नसतो, पिन मोजलेली नसते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी परीक्षेच्या आधी आपल्या पेपरात डिप्लोमा नि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टचे फोटो येतात, पोरं मॉडेलच्या मागं उभी, सर मध्ये. बघून बरं वाटतं. पण त्या मॉडेलच्या आधी काय काय झालं ते यंदा मी घरातच बघितलं म्हणून हे लिहितोय. मी इथं नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं झाली, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) नि पॅनल हेच काम, लिहायची सवय नाही तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, गाव निफाडकडचं, शिकायला आमच्याकडं सिडकोत. प्रोजेक्ट घेतला टाकी भरली की मोटर बंद व्हायचा. विषय काही नवीन नाही, गावाकडं शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री म्हणून विहिरी-विहिरीवर स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा डबा, बसवलेला दिसतो, पण पोरगं स्वतःच्या हातानं करतंय म्हणून मलाही कौतुक. ईएसपी३२ चा बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचा छोटा चिप आणि त्याच्या वायरी जोडायच्या नंबरवाल्या पिना, एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा, आणि दोन चॅनेलचं एक रिले मॉड्यूल, रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठी लाईन चालू-बंद करणारा स्विच, हजाराच्या आतलं सामान. एक दिवस जेवताना म्हणतो, मामा बोर्ड गेला, पाचशे द्या. दिले. पंधरा दिवसांनी परत गेला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, कोण म्हणतं गेला? तर म्हणे, सर म्हणाले, बोर्ड उडालाय, नवीन आण. मीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मल्टिमीटर, लावून बघितलं का विचारलं तर मीटर म्हणे लॅबच्या कपाटात कुलपात असतात, प्रॅक्टिकलच्या दिवशीच निघतात!

मग त्या रात्री डायनिंग टेबलवर पेपर अंथरला आणि बसलो दोघं. मला ते बोर्ड फारसे येत नाहीत हे आधीच सांगतो, पण वायर ती वायर आणि व्होल्टेज ते व्होल्टेज. पहिलं काम, बोर्डाच्या सगळ्या वायरी काढल्या आणि नुसती यूएसबी लावली. तिन्ही बोर्ड चालू! मामी स्वयंपाकघरातून हसली. मग एकेक वायर परत लावत गेलो आणि रिलेची वायर १२ नंबरच्या पिनला लावून रिसेट दाबलं की बोर्ड मेला, स्क्रीनवर नुसतं फ्लॅश रीड एरर, फ्लॅश रीड एरर. नेटवर वाचलं तेव्हा कळलं की हा चिप चालू होताना १२ नंबरची पिन बघून ठरवतो की आतल्या मेमरीला ३.३ व्होल्ट द्यायचे की १.८, आणि पिन वर खेचलेली, म्हणजे व्होल्टेजवर धरलेली, सापडली तर १.८ देतो, त्यात मेमरी उठतच नाही. रिले मॉड्यूलची इनपुट वायर आतून एलईडीमधून ५ व्होल्टला जोडलेली, ती पिनला वर धरून ठेवत होती. म्हणजे बोर्ड चांगला, प्रोग्रॅम चांगला, रिले चांगला, फक्त पिन चुकीची. वायर २६ वर नेली, विषय संपला. अशा आणखी पिना आहेत, ०, २, ५ आणि १५ चालू होताना वेगळ्या कामाला लागतात, ६ ते ११ आतल्या मेमरीला जोडलेल्या, त्यांना हातच लावायचा नाही.

विषय संपला म्हटलं खरं, पण रिले लागायचा आणि बंदच होईना. पोरगं प्रोग्रॅम चाळायला लागलं, मी म्हटलं लॅपटॉप बाजूला ठेव, काळी वायर ग्राउंडला लाव, लाल पिनला. प्रोग्रॅमनं पिन लो केली तर ०.०२ व्होल्ट, हाय केली तर ३.२८. पिन आपलं काम चोख करतेय. पण हाय झाली की एलईडी विझून रिले सुटायला हवा, आणि रिलेच्या एलईडीचं दुसरं टोक ५ व्होल्टवर, मग ५ वजा ३.२८, पावणेदोन व्होल्ट शिल्लक राहतात, तेवढ्यात या मॉड्यूलचा एलईडी पूर्ण विझत नव्हता. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी लिहिलेला एक छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, असतो तो काढला, रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) ५ व्होल्ट वेगळे दिले आणि इनपुटच्या बाजूला ३.३. टक्क आवाज आला, रिले सुटला. कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर खाते, ती पिनवर नाहीतर ३.३ च्या लाईनवर चालवायची नाही हेही तेव्हाच सांगून टाकलं, अर्डुइनो उनो या शिकायच्या दुसऱ्या बोर्डाची पिनसुद्धा २० पर्यंतच ठीक, ४० ही शेवटची हद्द.

खरी गंमत इनपुटला. फ्लोट स्विच ३४ नंबरला जोडलेला, प्रोग्रॅममध्ये इनपुट पुलअप, म्हणजे पिनला आतून ३.३ वर धरून ठेव, असं लिहिलेलं, आणि रीडिंग कधी शून्य कधी एक, टाकीत पाण्याचा थेंब नसताना. मी नुसतं वायरीजवळ बोट नेलं तर आकडा बदलला. पोरगं म्हणतं, मामा तुमच्या अंगात करंट आहे. अरे करंट माझ्या अंगात नाही, पिन हवेत लटकतेय! ३४, ३५, ३६, ३९ या चार पिना फक्त इनपुटच्या, आणि त्यांच्या आत पुलअप नाहीच, तुम्ही प्रोग्रॅममध्ये कितीही लिहा, तो लागतच नाही. दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर, दोन रुपयांचा सुद्धा नाही, पिन ते ३.३ लावला. स्विच उघडा तर ३.३, मिटला तर ०, बोट लावा नाहीतर अख्खा हात ठेवा. गच्चीवरून येणारी वायर मोटरच्या वायरीशेजारून आली होती ती वेगळी घ्यायला लावली, त्यानंही फरक पडला.

आमच्या पीएलसीत प्रत्येक इनपुटला एक छोटा दिवा असतो. रात्रपाळीत मशीन थांबली की नवीन पोराला मी पहिलं हेच सांगतो, आधी दिवा बघ, सेन्सर आला का ते कळेल, प्रोग्रॅमला हात लावू नको. या शिकायच्या बोर्डांवर पिनेला दिवा नाही, म्हणजे त्यांना तर मीटर जास्तच लागतं, आणि नेमकं तेच कुलपात!

भाच्यानं मित्रांना सांगितलं असणार, पुढच्या रविवारी चौघं-पाचजणं गाडीवर आली, पिशवीत सात ‘मेलेले’ बोर्ड. पाच चांगले निघाले. एकीचा एलईडी डी४ वर आणि प्रोग्रॅममध्ये पिन ४, पण तिच्या नोडएमसीयू नावाच्या बोर्डावर डी४ म्हणजे पिन २ असते. एकाच्या लांब ब्रेडबोर्डची, म्हणजे वायरी खोचायच्या भोकाभोकांच्या पाटीची, लाल पट्टी मध्यावर तुटक होती, अर्ध्या बोर्डाला सप्लायच नाही. एकानं सेन्सरला वेगळा अडॅप्टर दिला आणि दोन्हीचे ग्राउंड जोडलेच नाहीत. एकाची जंपर वायर आतून तुटलेली, मीटरचं बीप लावल्यावर कळलं, बाहेरून नवी कोरी. पाचव्यात तर काहीच नव्हतं, केबल नुसती चार्जिंगची, डेटाची नव्हे. सहाव्या बोर्डाची एकच पिन गेलेली, ५ व्होल्टचा अंतराचा सेन्सर थेट ३.३ च्या पिनेला लावला होता, बाकीच्या पिना ठणठणीत. सातव्याला १२ व्होल्ट उलटसुलट दिलेले, तो मात्र खरोखर गेला, वासावरूनच कळलं.

पोरांची चूक मी मानत नाही. मार्क कशाला मिळतात तर स्पायरल बाइंडिंगच्या रिपोर्टला आणि चालू मॉडेलला, मग बंद पडलं की शोधण्यापेक्षा नवीन आणणं परवडतं, पैसे बापाचे. बापानं ते द्राक्षाच्या पैशातून दिलेले असतात, आणि द्राक्षाचं काय होतं ते तुम्हीच दरवर्षी छापता.

तेव्हा कॉलेजांना आपल्या पेपरातून एवढंच सांगा की प्रॅक्टिकल परीक्षेत एक बोर्ड मुद्दाम बिघडवून ठेवा, कुठं ग्राउंड काढा, कुठं पिन बदला, आणि पोराच्या हातात मीटर देऊन अर्धा तास द्या. बिघाड सापडला नाही तरी चालेल, कुठं कुठं मोजलं ते कागदावर लिहिलं तर मार्क द्या. आणि मीटर कपाटातून बाहेर काढा, हरवलं एखादं तर हरवलं.

कुठल्या कॉलेजला हवं असेल तर मी रविवारी येऊन दाखवीन, पैसे नकोत, फक्त सेकंड शिफ्टचा आठवडा सोडून, कारण त्या आठवड्यात रविवारी मी झोपतो.

आपला नम्र,
एक मेंटेनन्सवाला
सिडको, नाशिक