नुसत्या वजाबाकीने कर्ज फिटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कर्जाची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. कर्ज डोक्यावर चढले की घरचा कर्ता माणूस खर्चाला कात्री लावतो, मग सरकारने ती का लावू नये? आपल्या पानांवरही हा सूर अलीकडे पुन्हा वाचायला मिळाला, आणि त्याच ओघात कपातीविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांना ‘फुकटची सवय लागलेले’ म्हटले गेले. त्या लोकांच्या बाजूने हे पत्र लिहीत आहे. दयेचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवून निव्वळ हिशेबाने पाहिले, तरी त्यांचे म्हणणे बहुतेक ठिकाणी खरे ठरले आहे.

घरखर्च कमी केला म्हणून कर्त्या माणसाचा पगार घटत नाही. सरकारचे तसे नसते. नर्सचा पगार कापला, पेन्शन घटवली, शाळेची दुरुस्ती थांबवली, की तेवढा पैसा बाजारात यायचा थांबतो. दुकानदाराचा गल्ला आटतो, कारखानदार नवी भरती टाळतो आणि सरकारच्या तिजोरीत येणारा करही रोडावतो. शिवाय देशावरचे कर्ज किती जड, हे राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करूनच ठरते. खर्च कापण्याच्या नादात उत्पन्नच आकसले, तर नवे कर्ज कमी काढूनही जुन्याचा भार वाढतो. मंदीच्या काळात हे अधिकच खरे, कारण तेव्हा सरकारने सोडलेली जागा भरून काढायला खासगी खर्च पुढे येत नाही.

हे कागदावरचे तर्कट नाही. ग्रीसमध्ये जगाने ते पाहिले आहे. तिथल्या सरकारांनी तुटीचे आकडे दडवले होते आणि २००९ च्या अखेरीस ते उघडे पडले. हा दोष त्या राज्यकर्त्यांचाच, त्यात वाद नाही. मे २०१० मध्ये युरो गटातील देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज देऊ केले, अर्थात कपातीच्या अटींवर. पगार कापले गेले, पेन्शन पुन्हा पुन्हा घटवली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी खाली आणले आणि पंचविशीच्या आतल्यांसाठी तर ३२ टक्क्यांनी. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांश आकसली. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली, आणि काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक रिकामे होते. नोकरीबरोबर आरोग्य विमाही गेला, म्हणून डॉक्टरांना स्वयंसेवी दवाखाने उघडून रुग्ण तपासावे लागले.

आणि ज्यासाठी हे सारे केले, त्या कर्जाचे काय झाले? २००९ मध्ये ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होते, २०१४ पर्यंत १८० टक्क्यांच्या आसपास पोचले. मधल्या काळात, २०१२ मध्ये, खासगी धनकोंनी १०० अब्ज युरोंहून अधिक रकमेवर पाणी सोडले होते, तरीही! मदत म्हणून आलेल्या पैशाचा मोठा भाग तर जुन्या धनकोंची देणी भागवण्यात आणि बँका सावरण्यात गेला. निवृत्त शिक्षकाच्या हाती त्यातले फारसे काही पडले नाही. त्याने मात्र पेन्शन गमावून त्याची किंमत मोजली.

जाणकारांना हे आधी कळायला हवे होते. नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वतःच्याच संस्थेचे अंदाज तपासले. एक युरोची कपात केली तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल, असे भाकितांमध्ये गृहीत धरलेले दिसत होते. प्रत्यक्षात हा फटका दर युरोमागे ०.९ ते १.७ युरोंचा होता, असा त्यांचा निष्कर्ष. जून २०१३ मध्ये ग्रीसच्या पहिल्या कर्ज-कार्यक्रमात ठळक अपयश आल्याचे नाणेनिधीनेही आपल्या अहवालात मान्य केले. तोवर लाखो लोकांच्या आयुष्यातली तीन वर्षे निघून गेली होती.

आणखी एक उदाहरण वाचकांपुढे यायला हवे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले की सरकारी कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांत सरासरी वाढ शून्याच्याही खाली, उणे ०.१ टक्के असते. कपातीचे समर्थन करणाऱ्या मंत्र्यांनी हा आकडा वारंवार पुढे केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून घेतला, तेव्हा सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्याचे निघाले. ती चूक आणि आकडेवारीतले इतर दोष दूर केल्यावर हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांना सरासरी वाढ २.२ टक्के आढळली. फार कर्ज आणि मंद वाढ यांचा काहीच संबंध नाही, असे यातून सिद्ध होत नाही. पण ९० टक्क्यांपाशी दरी आहे, ही भीती खोटी होती आणि तिच्या नावाखाली कापलेले पगार खरे होते.

आता आंदोलकांविषयी. ग्रीसच्या अर्थमंत्रालयाने २०१३ मध्ये आपल्या कचेऱ्यांत झाडलोट करणाऱ्या ५९५ बायकांना कामावरून काढले. त्यांच्या पगारावरचा खर्च वाचल्याने कोणत्या देशाचे कर्ज फिटणार होते? त्या बायका महिनोन्‌महिने मंत्रालयाच्या दारात बसून राहिल्या, लाल रबरी हातमोजे ही त्यांची निशाणी झाली. २०१५ मध्ये सरकार बदलले आणि त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. देशाच्या कर्जात आपला वाटा किती आणि आपल्याकडून वसुली किती होते, हे त्यांना नीट कळले होते. केनियात जून २०२४ मध्ये करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण संसदेपर्यंत जाऊन धडकले. अनेक जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, मगच राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी त्या विधेयकावर सही करण्यास नकार दिला. इतकी किंमत मोजणाऱ्यांना फुकटे म्हणणे अन्यायाचे आहे.

‘मग पैसा आणायचा कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे आणि विरोध करणाऱ्यांनी तो टाळू नये. स्वतःच्या चलनात कर्ज काढणाऱ्या देशाला मोकळीक जास्त असते. परकीय चलनात देणी असलेल्या देशाला तेवढी नसते. २०२२ मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा इंधन आणि औषधेही आणता येईनात. डॉलर काही आंदोलन करून छापता येत नाहीत. अशा वेळी पोट आवळणे टळत नाही, पण कोणाचे आवळायचे हे ठरवता येते. श्रीमंतांच्या संपत्तीवर कर लावायचा की रेशन कापायचे, धनकोंनी नुकसान सोसायचे की रुग्णांनी, हा निर्णय राजकीय असतो. तो आकड्यांच्या आड लपवू नये. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे जवळपास निम्मे परकीय कर्ज माफ झाले आणि उरलेल्याची फेड झेपेल अशा लांब मुदतीवर बसवली गेली. सह्या करणाऱ्या धनको देशांत ग्रीसही होता.

पोर्तुगालचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे सरकारी नोकरांच्या काही कपाती घटनात्मक न्यायालयानेच २०१२ आणि २०१३ मध्ये रद्द ठरवल्या. २०१५ च्या अखेरीस आलेल्या सरकारने पगार आणि पेन्शन टप्प्याटप्प्याने पूर्ववत केले, तरी तूट घटत गेली आणि २०१९ मध्ये अंदाजपत्रकात थोडी शिल्लकही उरली. त्या सरकारने सार्वजनिक गुंतवणूक फार रोखून धरली, तिची झळ रुग्णालयांना बसली, हेही मान्य करायला हवे. पण लोकांचे उत्पन्न परत दिले की देश बुडतो, हे भाकीत खोटे पडले. युरोपात मागणी वाढल्याचा आणि व्याजदर उतरल्याचा त्यात हात होता. माझे म्हणणे तेच आहे की खर्च आवरायचाच असेल तर तो बाजार सावरल्यावर, हळूहळू आवरावा.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे कुठल्याही सरकारच्या कपातीची बातमी छापताना किती रक्कम वाचणार एवढेच देऊ नये. ती कोणाच्या ताटातून जाते, देणे मुळात कोणाचे आहे आणि त्या धनकोने स्वतः किती सोडले, हेही त्याच बातमीत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक