राखीव खाटेचे पैसे कोण देणार?

महोदय,

करोनाकाळात खासगी रुग्णालयांनी लूट केली, अशी वाचकांची पत्रे अधूनमधून आपल्या अंकात येतात. काही ठिकाणी अवाच्या सवा बिले लावली गेली, हे खरेच आहे. पुणे महापालिकेला बिलांची तपासणी करावी लागली ती उगाच नव्हे. पण मी धायरीतल्या एका पंधरा खाटांच्या रुग्णालयाचे हिशेब पाहते, आणि आमच्या खातेवहीतली ती दोन वर्षे निराळी आहेत.

एप्रिल २०२०मध्ये हर्निया, पित्ताशय, गर्भपिशवी अशा ठरलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया थांबल्या. ओपीडीत कुणी फिरकेना. बाळंतपणे तेवढी होत राहिली. जागेचे भाडे, सोनोग्राफी मशीनचा हप्ता, खाटेमागे भरायचे जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे आणि सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांचे पगार मात्र चालूच होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबवायची मुभा दिली, पण व्याज चढतच राहिले. केंद्राची तातडीची योजना आली तीही कर्जाचीच, शिल्लक कर्जाच्या २० टक्के आणखी कर्ज. साथीच्या दिवसांत दवाखाना उघडा राहायला हवा असे सगळ्यांना वाटते, आणि नेमके तेव्हाच त्याचे उत्पन्न आटते, कारण आपल्याकडे पैसा येतो तो ऑपरेशन झाले तर.

राज्य सरकारच्या २१ मे २०२०च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा राखीव ठेवून त्यांचे दर बांधले गेले : साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटर असल्यास ९,०००. दर बांधले हे योग्यच झाले, नाहीतर गरिबाने जायचे कुठे? पण दर मिळणार रुग्ण दाखल झाल्यावर. राखीव म्हणून रिकाम्या ठेवलेल्या खाटेचा आम्हाला एक रुपया मिळाला नाही. तिच्यासाठी पाळीवर ठेवलेल्या सिस्टरचा पगार तर द्यावाच लागला, आणि त्यातल्या दोघी दुप्पट पगार मिळाला तिकडे गेल्या. त्यांना मी कशी अडवणार?

दुसऱ्या लाटेत उलटेच झाले. खाटा भरलेल्या आणि हातात रोकड नाही. जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला साठ लिटर लागणारा रुग्ण तो दोन तासांत संपवतो. सिलिंडरवाला गाडी रिकामी करण्याआधी पैसे मागायचा, विम्याचे पैसे यायला महिने लागायचे. एका विमा कंपनीने तर पीपीई किट आणि हातमोज्यांची रक्कम ‘उपचारात बसत नाही’ म्हणून कापली. उरलेली रक्कम घरच्यांकडून घ्या, म्हणे. घरची म्हणजे एकटी मुलगी, वडिलांचा मृत्यूचा दाखला न्यायला आलेली. तिच्याकडे पैसे मागायला जीभ रेटेना. डॉक्टरांनी रक्कम सोडून दिली. अशा सोडलेल्या रकमा आमच्या वहीत बऱ्याच आहेत.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना मुख्यतः नोंदलेल्या माणशी पैसे मिळतात, तपासणीमागे नव्हे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २०१४पासून रुग्णालयाचे वर्षाचे उत्पन्न आधीच ठरवलेले असते. रुग्ण घटले, तर ठरावीक मर्यादेत दर वाढवून ती तूट भरता येते. त्यांची व्यवस्था जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. पण खाट तयार ठेवणे हेही काम आहे आणि त्याचे पैसे द्यायचे असतात, एवढे तरी आपण मान्य करावे.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचे ठरले होते. तो पैसा वाढेल तेव्हा त्यातला काही भाग छोट्या रुग्णालयांशी आधीच करार करण्यासाठी ठेवावा. साथ जाहीर झाली की राखीव खाटेमागे महिन्याला ठरावीक रक्कम, मग ती भरो वा रिकामी राहो. बदल्यात आमचे हिशेब हवे तेव्हा तपासावेत, आम्ही वह्या उघड्या ठेवू. आणि विम्याचा दावा मुदतीत निकाली निघाला नाही तर व्याज, तेही रुग्णालयाला मागावे न लागता.

आपली,
एका रुग्णालयाची हिशेबनीस, धायरी, पुणे